आमच्या मागे कोण चालत होतं?

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा सदरा आहे. सदरा म्हणतो खरा, पण त्याबद्दलही माझी पुरती खात्री नाही. ज्यांनी मला शिवलं त्या ओडीलबाई मला सदरा म्हणत. त्यांचा भाऊ रोझेर मला घोंगडं म्हणे. आणि माझे मालक हॉलिस मला काहीच म्हणत नसत, नुसतं खुंटीवरून काढून अंगात घालत. सदरा म्हणावं तर मी जाड आणि कोट म्हणावं तर पातळ. अंगावर लाल-काळे चौकडे आहेत, त्यांतले लाल आता विटकरी झाले आहेत. हल्ली मी रोझेरच्या घरी मागच्या दाराजवळ एका खिळ्याला लटकलेला असतो आणि विचार करतो. विचार करून काही उलगडत नाही, गुंता मात्र वाढतो. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून बघावं.

माझी लोकर कुठल्या मेंढ्यांची, हे मला ठाऊक नाही. मला आठवतं ते थेट स्वयंपाकघर. ओडीलबाईंचं नवीन लग्न झालेलं होतं. त्यांनी गिरणीतून आणलेलं कापड कढत पाण्यात घातलं, पिळलं, पुन्हा घातलं. आटून आटून ते मऊ आणि घट्ट झालं, तेव्हा कुठे त्यांनी कात्री हातात घेतली. शिवून झाल्यावर त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. माझी बाही कानाशी धरली आणि तिच्यावर घरातला झाडू घासला. नीट कान देऊन ऐकलं. मग पुन्हा घासला.

"अहो, ऐका! काहीच ऐकू येत नाहीये," त्या आनंदानं ओरडल्या.

"जमलं म्हणायचं तुला," हॉलिस म्हणाले आणि त्यांनी मला अंगात घातलं. ज्या कपड्याचा आवाज येत नाही त्याचं कौतुक होतं, ही मला कळलेली पहिली गोष्ट. का होतं, ते पुढे नोव्हेंबरात कळलं. म्हणजे थोडंसं कळलं.

आमच्याकडे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, नोव्हेंबर म्हणजे हरणांचा महिना. घराघरातून माणसं बंदुका घेऊन बाहेर पडतात. कुणी झाडावर फळी बांधून दिवसभर बसून राहतं, कुणी चौघं मिळून हाकारे घालतात. हॉलिसना यातलं काहीच आवडत नसे. ते चालत जात. आता चालत म्हणजे तुम्ही शाळेत जाता तसं नव्हे. दोन पावलं टाकायची आणि उभं राहायचं. इतका वेळ उभं राहायचं, की मला वाटे हे आपण कशाला आलो होतो ते विसरले. मग आणखी एक पाऊल. वारा नेहमी तोंडावर घ्यायचा, पाठीवर कधीच नाही, म्हणजे हरणाला आपला वास लागत नाही; आणि फांदी माझ्यावर घासली तरी त्याला आवाज जात नाही. घरामागच्या, बीचच्या झाडांनी भरलेल्या टेकडीवर सकाळी निघालेले आम्ही दुपारपर्यंत माथ्यावर पोचत नसू. नवा होतो तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्यांचे पाय दुखत असतील.

पाय ठणठणीत होते. ते बघत होते. एकदा त्यांनी रोझेरला समजावलं तेव्हा मी त्यांच्या अंगावरच होतो. "अरे, जंगलात सगळं उभं असतं. खोडं उभी, रोपं उभी. त्यात एखादी आडवी रेघ दिसली की थांबायचं. ती पाठ असते. पण नुसत्या पाठीवर बार टाकायचा नाही. कान शोध, पाय शोध, मान शोध. अख्खं दिसल्याशिवाय चापावरचं बोट आत जाता कामा नये."

"आणि अख्खं दिसेपर्यंत ते पळालं तर?" रोझेरनं विचारलं.

"पळू दे की. हरीण पळालं तर उद्या दुसरं येईल. माणूस गेला तर?"

रोझेर हा ओडीलबाईंचा धाकटा भाऊ, लाकडाच्या गिरणीत कामाला. मोठा, गडगडून हसणारा, आणि चालताना काय तो आवाज! वाळक्या काटक्या जणू त्याच्याच पायाखाली यायला टपलेल्या असत. हॉलिस त्याला बरोबर नेत, पण दुपारनंतर वैतागून परत पाठवत. "तू चाललास की गावातली कुत्री भुंकतात रे! जा घरी, ताईला लाकडं फोडून दे." यावर रोझेर म्हणे, "दाजी, मी हरणांना सावध करतो, तुम्ही त्यांना मारता. देवाघरी आपला दोघांचा हिशेब बरोब्बर जुळेल." त्यांच्या भांडणाला मी आधी घाबरायचो. पुढे लक्षात आलं, की घरी आल्यावर तेच दोघं एका तव्यावरची कुट्टूच्या पिठाची धिरडी गूळपाकात बुडवून खात बसतात. म्हणजे ते भांडण नव्हतं. मग काय होतं, तेही मला नीट सांगता येत नाही.

एका वर्षी हॉलिसचा नेम चुकला. बार झाला आणि हरीण पांढरी शेपटी उंचावून निघून गेलं. संध्याकाळी सगळे शिकारी जमतात त्या लाकडी खोपटात आम्ही गेलो, तर रोझेर कात्री घेऊन दारातच उभा! आमच्याकडे रीत अशी, की नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागची किनार कापायची आणि खोपटाच्या भिंतीला ठोकायची. मित्रांनो, चूक बंदुकीची किंवा डोळ्याची, आणि कापलं कुणाला, तर मला! माझ्या पाठीचा चांगला वीतभर तुकडा गेला. सगळे टाळ्या वाजवत होते, हॉलिससुद्धा हसत होते. ओडीलबाईंनी पुढे तिथे हिरव्या कापडाचं ठिगळ लावलं. ज्याला शिक्षा झाली तोच हसत होता, म्हणजे ही शिक्षा होती की सत्कार, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

अशी वर्षं गेली. पुढे सरकारी नियम आला, की जंगलात जाताना भडक केशरी टोपी आणि बंडी घालायचीच. हरणाला तो रंग ओळखू येत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. ती बंडी माझ्यावरून चढे आणि सारखी चुरचुर वाजे. मला तिचा राग यायचा. आता येत नाही.

आणि मग हॉलिस विसरायला लागले.

सुरुवातीला मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. माझी बटणं एक घर सोडून लागायला लागली. कधी मी उलटाच अंगात यायचो. मग ते रोझेरला एव्हरेट म्हणू लागले. एव्हरेट हा हॉलिसचा भाऊ, तो केव्हाच वारला होता. रोझेर पहिल्यांदा म्हणाला, "दाजी, मी रोझेर." पुढे पुढे तो नुसतं "हं, बोला" म्हणायला लागला. एका दुपारी आम्ही टेकडीच्या भलत्याच बाजूला उतरलो आणि गिरणीच्या रस्त्यावर येऊन उभे राहिलो. हॉलिसनी एका ट्रकवाल्याला थांबवून आपल्या वडिलांच्या घराचा रस्ता विचारला. ते घर जळून गेलेलं होतं, त्या जागी आता झाडं उभी आहेत. मला तो रस्ता पाठ होता, मित्रांनो. ओडीलबाईंचं घर कुठे, हे मला पक्कं माहीत होतं. पण सदऱ्याला कोण विचारतो?

त्या वर्षी मोसम लागायच्या आदल्या दिवशी मी चुलीमागे वाळत होतो. हॉलिस बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत होते. ओडीलबाई आणि रोझेर टेबलापाशी बसले होते, आणि दोघं इतक्या हळू बोलत होते, की मला कान टवकारावे लागले.

"ताई, बंदूक लपवून टाक. सरळ सांगतो."

"लपवली होती. घरभर शोधत फिरले. संध्याकाळी माझ्याकडे बघून काय म्हणाले माहितीये? 'मी काय केलंय तुमचं?' तुमचं म्हणाले रे, मला परकी बाई समजून. काढून परत दिली मी."

"मग मी जातो बरोबर."

"ते नेतील तुला? कुत्री भुंकतात म्हणतील." ओडीलबाईंना हसू आलं आणि लगेच डोळ्याला पदर लावावा तसा त्यांनी कमरेला खोचलेला फडका लावला. "तू मागून जा. लांबून. त्यांना कळू देऊ नकोस. वाट चुकले तर सहज भेटल्यासारखं कर आणि घरी घेऊन ये. लेकरासारखी पाळत ठेवलीय असं त्यांना वाटलं, तर ते जिवंतपणी मरतील."

रोझेरनं आपल्या जाड बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला मुक्यानं चालायला येत नाही, ताई."

"शीक," ओडीलबाई म्हणाल्या.

मी हे सगळं ऐकलं. तुम्ही म्हणाल, मग गोंधळ कसला? गोंधळ असा, की मोसम लागला, आम्ही रोज टेकडीवर जाऊ लागलो आणि मागे कुणीच ऐकू येईना. त्या वर्षी बर्फ उशिरा आला. पाऊस पडून पाला भिजलेला, मऊ झालेला. मी पाठीकडून सारखा कानोसा घेत असे. रोझेर असता तर एव्हाना दहा काटक्या मोडल्या असत्या. म्हटलं, आला नसेल. गिरणीत जादा काम निघालं असेल. मला त्याचा जरा रागच आला.

मग एके दिवशी हॉलिस थांबले आणि मागे काहीतरी थांबलं. अगदी हलकं, पानावर पान पडावं इतकं. त्यांनी दोन पावलं टाकली, मागेही दोन पावलं पडली. त्यांची पाठ ताठ झाली, ती मला लगेच जाणवली.

"मागे आलाय," ते पुटपुटले. "म्हातारा नर आहे. वळसा घालून माझाच माग काढतोय लेकाचा."

आणि मित्रांनो, हे खरं असतं. म्हातारे नर असं करतात. मला काहीच सुचेना. हा रोझेर असेल का? पण रोझेर असा चालतच नाही. मग हरीण असेल? हरीण असलं तर उत्तम. आणि रोझेर असला तर? माझ्या एका बाहीला वाटे हरीण, दुसरीला वाटे रोझेर. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण शिवताना माझं एवढंच बघितलं होतं, की आवाज येत नाही ना.

हॉलिस त्या दिवशी आपली सगळी विद्या घेऊन चालले. नावं विसरलेला माणूस, बटणं चुकवणारा माणूस, पण पाय काही विसरले नव्हते. त्यांनी वारा पाहिला, देवदारांच्या दाटीतून खाली उतरले, ओढ्याच्या कडेनं अर्धा वळसा घेतला आणि आपल्याच मागावर मागून आले. आता जो मागे होता तो पुढे होता. एक पाऊल. थांबले. आणखी एक. आणि स्प्रूसच्या झाडांच्या खालच्या फांद्यांमध्ये त्यांना ती दिसली. आडवी रेघ. तपकिरी पाठ.

बंदूक वर आली. तिचा दस्ता माझ्या खांद्यात रुतला. खटका सरकल्याचा बारीक आवाज मी ऐकला. माझ्या छातीवरच्या खिशाखाली त्यांचं काळीज धाडधाड उडत होतं.

ती पाठ हलेना. हॉलिसही हलेनात. ते कान शोधत होते. कान नव्हता. पाय शोधत होते, पाय झुडपात होते. मान दिसेना. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण ओल्या पाल्याचा गारवा त्यांच्या बुटांतून वर यायला लागला होता. तरी बंदूक खाली आली नाही आणि बोटही आत गेलं नाही.

मग ती पाठ बोलली.

"अगं आई गं... गेला माझा गुडघा!"

आणि स्प्रूसच्या फांद्यांमधून रोझेर कण्हत, गुडघा चोळत उभा राहिला. अंगात तपकिरी कोट, डोक्याला काही नाही. हॉलिस एकदम दिसेनासे झाले म्हणून तो गोंधळला होता, आणि आपण त्यांना दिसू नये म्हणून खाली वाकून बसला होता. त्याला आम्ही आत्ता दिसलो. तो ओशाळून हसला.

"काय दाजी! इथे कुठे? मी आपला सहज आलो होतो, म्हटलं लाकडं बघावी... हरीण दिसलं का काही?"

"दिसलं," हॉलिस म्हणाले.

"कुठे?"

हॉलिसनी बंदूक खाली केली आणि दुसऱ्या हाताचं बोट रोझेरकडे केलं.

रोझेरनं मागे वळून पाहिलं. मागे काही नव्हतं. तो पुन्हा आमच्याकडे वळला आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. हॉलिस ओल्या पाल्यातच मट्कन बसले. त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, हातात धरल्या, आणि त्यांचं काय करायचं असतं हे विसरल्यासारखे त्यांच्याकडे बघत राहिले.

"केशरी बंडी कुठाय तुझी?"

"खिशात."

"का?"

"तुम्हाला दिसलो असतो ना."

"ओडीलनं पाठवलं?"

रोझेरनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"मोसम लागल्यापासून. रोज."

मला वाटलं आता हॉलिस रागावतील. ओडीलबाई म्हणाल्या होत्या तसं जिवंतपणी मरतील. मी वाट बघत होतो. त्यांची नजर रोझेरच्या पायांवर गेली. रोझेरनं बुटांवरून ओडीलबाईंचे जुने लोकरी मोजे चढवले होते. मोजे चिखलानं भरले होते आणि एका अंगठ्याशी भोक पडलं होतं.

"रोज माझ्या मागे होतास," हॉलिस म्हणाले, "आणि मला आज कळलं. अरे, इतका सुरेख चालायला कधी शिकलास तू?"

हे ऐकून एवढा मोठा रोझेर रडायला लागला. हॉलिसना ते काही समजेना. मलाही नाही. जन्मभर ज्याच्या चालण्याला नावं ठेवली, त्याची पहिल्यांदा तारीफ केली, तर तो रडतो काय? हॉलिसनी त्याला जवळ ओढलं. त्याचं नाक माझ्या खांद्यावर पुसलं गेलं आणि मी ते मुकाट्यानं सोसलं.

घरी आल्यावर हॉलिसनी गोळ्या ओडीलबाईंसमोर टेबलावर ठेवल्या. "या तुझ्याकडे ठेव," म्हणाले. "आणि याला पुन्हा माझ्या मागे मुक्यानं पाठवू नकोस. मला पुढचं दिसतं. मागचं कोण, ते आता मला ओळखू येत नाही." ओडीलबाईंनी चुलीवर तवा चढवला आणि पीठ कालवायला घेतलं, पण अर्धं पीठ ओट्यावरच सांडलं.

एक गोष्ट मला अजून छळते. हॉलिस थांबले ते कशामुळे? त्या पाठीत त्यांना रोझेर ओळखू आला होता, की कान दिसेना म्हणून ते नुसते नियमाला धरून उभे होते? आणि गुडघा दुखला नसता तर? मी त्यांच्या काळजाला इतका लागून होतो, तरी मला सांगता येत नाही. कधी वाटतं हे, कधी वाटतं ते.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. हॉलिस तोपर्यंत खूपच लांब गेले होते. ओडीलबाईंनाही कधी ओळखत, कधी नाही. माझी बटणं आता त्याच लावून देत. पण त्यांना दाराशी आणून सोडलं की पाय आपोआप बीचच्या वाटेला लागत. ते पुढे, रिकाम्या हातानं. मागे रोझेर, डोक्यापासून पायापर्यंत केशरी, नुसता पिकलेला भोपळा. त्याच्या खांद्याला बंदूक होती, तीही रिकामी. रिकामी बंदूक घेऊन शिकारीला कशाला जायचं, हे मी स्वतःला विचारणं सोडून दिलं.

दोन पावलं, थांबायचं. एक पाऊल, थांबायचं. बराच वेळ असं चाललं. आणि मग हॉलिसची पाठ ताठ झाली. मागे कुणीतरी आहे, एवढं त्यांना कळत होतं. कोण, ते आठवत नव्हतं. श्वास भरभर व्हायला लागला. मान वळवायचीही त्यांना भीती वाटत होती. मला ती भीती घामाच्या वासावरून कळली.

त्याच क्षणी मागे कडाड् करून काटकी मोडली. मग दुसरी. मग तिसरी. रोझेर इकडेतिकडे बघून, निवडून निवडून वाळक्या काटक्यांवर पाय देत होता. वरच्या अंगाला एक हरीण बसलेलं होतं, ते उठून शेपटी उंचावून पसार झालं. रोझेरनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हळू रे, गाढवा," हॉलिस मागे न बघता म्हणाले. "गावातली कुत्री भुंकतील."

"भुंकू देत, दाजी," रोझेर म्हणाला.

आणि मित्रांनो, माझ्या आतली ती पाठ सैल झाली. इतकी सैल, की ठिगळाजवळचा माझा जुना टाका जरासा उकलला.

जुन्या कपड्यांना जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं, पण मला कसर आधीच लागलेली आहे आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. एवढंच सांगतो. कुणाच्या काळजीनं त्याच्या मागे जाणार असाल, तर माझ्यासारखे मुक्यानं जाऊ नका. तो चिडेल, तुम्हाला गाढव म्हणेल, आणि कदाचित तुमचं नावही त्याला आठवणार नाही. तरी काटक्या मोडत जा. मागे आपलंच माणूस आहे, एवढं त्याच्या पाठीला कळू द्या.